गाठ दुखत नाही, म्हणूनच दवाखान्यात चला

“दुखत असतं तर आधीच आले असते की ओ सिस्टर.” सातारा-सांगलीच्या वस्त्यांमधून फिरताना आम्ही हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की आता बाईने तोंड उघडायच्या आधीच ते कानात वाजतं. छातीत लिंबाएवढी गाठ घेऊन ती समोर बसलेली असते. सहा महिने झालेले असतात, कधी वर्ष झालेलं असतं. ती मुद्दाम लपवत होती असं प्रत्येक वेळी नसतं. तिचा हिशेब साधा असतो. कंबर दुखते, गुडघे दुखतात, दाढ ठणकते, त्यासाठी ती डॉक्टरकडे जाते, निदान मेडिकलमधून गोळी तरी आणते. जे दुखत नाही तो आजार कसला?

स्तनाच्या कॅन्सरचं खरं कपट इथंच आहे. सुरुवातीला तो बहुतेक वेळा दुखत नाही. ताप येत नाही, भूक मरत नाही. बाई रोजच्यासारखी भांगलायला जाते, धुणीभांडी करते, पाणी भरते. ज्या दिवशी गाठ ठणकू लागते, त्वचा फुटते, त्या दिवशी आजार बराच पुढे सरकलेला असतो.

आज भारतातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. जागतिक पातळीवरच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार जणींना तो झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने गेल्या. अमेरिकेत हा आजार झालेल्या १०० बायकांपैकी ९० जणी पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, आपल्या देशात साधारण ६६. हा फरक काही फक्त महागड्या औषधांचा नाही. आपल्या बायका दवाखान्यात उशिरा पोहोचतात, हे त्याचं मोठं कारण आहे. आणि हा उशीर बहुतेक वेळा घरात होतो, म्हणून हा लेख बाईइतकाच घरातल्या बाकीच्यांसाठीही आहे.

गाठ म्हणजे काय

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात आणि ते दूध बोंडापर्यंत आणणाऱ्या बारीक नळ्या असतात. बहुतेक वेळा कॅन्सर या नळ्यांच्या आतल्या अस्तरात सुरू होतो. तिथल्या पेशी वाढायचं थांबत नाहीत, त्यांचा गोळा होतो आणि पुढे त्या काखेतल्या गाठींत, तिथून हाडं, फुप्फुसं, यकृत इकडे जाऊ शकतात.

छातीतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. बहुसंख्य गाठी साध्याच असतात. तरण्या पोरीच्या छातीत बोटाखाली इकडून तिकडे सरकणारी गुळगुळीत गाठ बहुधा घाबरण्यासारखी नसते. पण “बहुधा” हा शब्द लक्षात ठेवा. नुसत्या हाताने चाचपून “ही साधीच आहे” असं प्रमाणपत्र शेजारीणही देऊ शकत नाही आणि आम्हीही देऊ शकत नाही.

गाठीशिवायही खुणा असतात. बोंड नव्यानेच आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखा स्राव येणं, बोंडावरची बरी न होणारी जखम, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, काखेतली गाठ, किंवा एक बाजू अचानक वेगळी दिसू लागणं. यातलं एक जरी असलं तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. पुरुषांनाही हा कॅन्सर होतो, १०० रुग्णांत साधारण एक. तेव्हा घरातल्या बाबांच्या छातीत गाठ असली तर तीही दाखवावी.

कशामुळे होतो, हा प्रश्न प्रत्येक जण विचारते. मार लागल्यामुळे होत नाही. मार लागला म्हणून हात तिकडे जातो आणि आधीपासून असलेली गाठ सापडते. बाळ चावल्याने होत नाही, दूध साठल्याने होत नाही. वाढतं वय, रक्ताच्या नात्यात कुणाला झालेला असणं, पहिलं मूल उशिरा होणं किंवा मूलच नसणं, अंगावर न पाजणं, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन, दारू यांनी धोका वाढतो. तरीही पुष्कळ जणींत असं कोणतंच ठळक कारण सापडत नाही. मग “मागच्या जन्माचे भोग” हा शब्द निघतो, तोही आपल्याच घरांत. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या आणि खाली बसून सासूबाई सुनेच्या छातीला देवऋषाचा अंगारा लावताहेत, असं आम्ही एकापेक्षा जास्त घरांत पाहिलं आहे.

उशीर कुठे होतो

अंगाऱ्यापेक्षाही मोठा अडसर पोटाचा असतो. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या भागातली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. गाठ तेव्हा लागली तर “हंगाम झाल्यावर बघू” ठरतं, आणि हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. मुकादमाची उचल अंगावर असते, कोयता मध्येच सोडता येत नाही. तासगावकडे द्राक्षबागेत छाटणीपासून माल निघेपर्यंत हाताला काम असतं, तेव्हा एक खाडा म्हणजे एक हजेरी गेली. सातारा शहरात चार घरची भांडी घासणारीला दोन दिवस सुट्टी घेतली तर तिसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी दिसते.

त्यात निर्णय बाईच्या हातात नसतो. मालक मुंबईला किंवा पुण्याला, “ते सणाला आल्यावर सांगीन.” पुरुष डॉक्टरपुढे छाती उघडायची लाज. पोरीचं लग्न ठरतंय, आत्ता बोभाटा नको. या प्रत्येक कारणाला त्या घरात अर्थ असतो, आम्ही त्याला हसत नाही. पण कवठेमहांकाळ बाजूच्या एका ताईंचा हिशेब आम्ही त्यांच्यासोबत बसून कागदावर मांडला होता. गाठ हाताला लागल्यापासून पहिल्यांदा डॉक्टरला दाखवेपर्यंत अकरा महिने. त्यातले आजारामुळे गेलेले दिवस शून्य होते. चार महिने टोळीवर, दोन महिने मालकांची वाट बघण्यात, तीन महिने झाडपाल्याच्या लेपात आणि उरलेले “बघू, बघू” यात.

मुंबईच्या वस्त्यांनी काय दाखवलं

आपल्यासारख्याच बायकांवर झालेला एक मोठा अभ्यास आहे आणि तो प्रत्येक विहारात सांगितला गेला पाहिजे. १९९८ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये काम सुरू केलं. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. वस्त्यांचे वीस गट पाडले. निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी बायकांची छाती हाताने तपासायची, अशा चार फेऱ्या. उरलेल्या निम्म्या गटांत कॅन्सरची माहिती द्यायची. मग दोन्हीकडच्या बायकांचं पुढे काय होतं ते वर्षानुवर्षं पाहायचं.

तपासणाऱ्या कोण होत्या? डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि महिनाभराचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका. हातात यंत्र नाही, नुसती बोटं. गिरण्यांच्या काळापासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली माणसं मुंबईच्या वस्त्यांत जाऊन राहिली, त्यामुळे त्या दीड लाखांत आपल्यापैकी कुणाची आत्या, कुणाची मावशी असणार असं आम्हाला वाटतं.

वीस वर्षांनी, २०२१ साली, त्याचा निकाल ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जिथे नियमित तपासणी झाली तिथे सापडलेल्या कॅन्सरपैकी १०० तले ३७ पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले होते. जिथे नुसती माहिती दिली तिथे ४७. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, आणि सगळ्या वयाच्या मिळून जी १५ टक्के घट दिसली ती योगायोगानेही असू शकते असं त्या डॉक्टरांनीच लिहिलं आहे. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण आरोग्य शिबिरांत आकडे फुगवून सांगायची खोड वाईट. खरा आकडाही पुरेसा मोठा आहे. दहावी शिकलेल्या बाईच्या बोटांनी वस्तीतल्या पन्नाशीपुढच्या बायकांचे जीव वाचू शकतात, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

दुसरा अभ्यास चीनमधल्या शांघायचा. तिथल्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त कामगार बायकांचे दोन गट केले आणि एका गटाला स्वतःची छाती स्वतः तपासायला शिकवलं. २००२ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांतले मृत्यू जवळजवळ सारखेच होते. म्हणजे आरशासमोर उभं राहून तपासलं की झालं, असं नाही. आपली छाती कशी आहे हे आपल्याला माहीत असावं, म्हणजे बदल झाला तर कळेल. ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी, तीन बोटांच्या सपाट भागाने, काखेपर्यंत. ज्यांची पाळी गेली त्यांनी महिन्याचा एक दिवस ठरवावा, पौर्णिमा ठेवली तर विसरणार नाही. पण त्याबरोबर प्रशिक्षित हात लागायलाच हवा.

तो हात तुमच्या गावात असायला हवा, असा सरकारचाच कार्यक्रम आहे. तिशीपुढच्या प्रत्येक बाईची तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड या तीन कॅन्सरसाठी तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट व्हायची आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून नेतात तो याचसाठी. पुष्कळ ठिकाणी बीपी-शुगर बघून काम आटोपतं आणि छाती तपासायची राहून जाते. जागा नसते, आडोसा नसतो, नर्सबाईंच्या डोक्यावर वीस रजिस्टरं असतात. तेव्हा मागून घ्या. “सिस्टर, माझी छाती तपासायची राहिली” हे वाक्य पाठ करा. विहारात एक पडदा, एक सतरंजी आणि दुपारचे दोन तास देता आले तर उपकेंद्राच्या नर्सबाईंना आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना बोलावता येतं. आम्ही असं करतो तेव्हा पहिल्यांदा कुणी पुढे येत नाही. एक वयस्कर आजी उठल्या की मागून रांग लागते.

सुईची भीती

गाठ संशयास्पद वाटली की मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि मग जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी. इथे पुष्कळ घरं मागे फिरतात. “सुई लावली की कॅन्सर भडकतो, अंगभर पसरतो” असं कुणीतरी सांगितलेलं असतं. हे खोटं आहे. सुई न लावता वर्ष घालवलं तर मात्र तो खरंच पसरतो, आणि दोष सुईला मिळतो. बायोप्सीतूनच कळतं की कॅन्सर आहे का, आणि असला तर तो कोणत्या जातीचा, हार्मोनच्या गोळीला दाद देणारा की दुसऱ्या औषधाला. त्यावर ऑपरेशन, केमो, रेडिएशन, गोळ्या यांचा क्रम ठरतो. गाठ लहान असेल तर सगळा स्तन काढावाच लागतो असं नाही, फक्त गाठीचा भाग काढून पुढे रेडिएशन देता येतं.

सुरुवात सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात, मिरजेच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात करता येते. पुढचे उपचार करणारी कॅन्सर रुग्णालयं मिरज, कराड, सातारा, कोल्हापूर इथे आहेत. प्रत्येकीला मुंबई गाठावी लागत नाही.

घराचं काय होतं

बाबासाहेबांच्या आई भीमाबाई साताऱ्यात गेल्या तेव्हा भीमराव पाच-सहा वर्षांचे होते, आणि पोरांना आत्या मीराबाईंनी सांभाळलं. आजार कोणताही असो, घरातली बाई आडवी झाली की मीराबाई लागते. आजच्या वस्तीत ती मीराबाई बहुतेक वेळा नववी-दहावीतली मुलगी असते. आईची केमो सुरू झाली की स्वयंपाक, धाकटा भाऊ, पाणी, आईची उलटीची घमेली, सगळं तिच्याकडे. आधी शाळेत खाडे, मग परीक्षा बुडते, मग “आता घरीच राहू दे.” आई बरी होते, मुलगी शाळेत परत जात नाही. केमो बहुधा दर तीन आठवड्यांनी असते आणि त्यातले पहिले चार-पाच दिवस फार जड जातात. तेवढ्या दिवसांची भाकरी शेजारच्या तीन घरांनी वाटून घेतली तर मुलीची शाळा बुडत नाही. महिला मंडळाला यासाठी वर्गणीसुद्धा लागत नाही.

नवऱ्यांबद्दल दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. बायकोचे केस गळाले म्हणून स्वतःचंही डोकं भादरून घेतलेला हमाल आम्ही पाहिला आहे. आणि “उपचार माहेरीच करा” म्हणून एसटीत बसवून दिलेल्या बायकाही पाहिल्या आहेत. स्तन काढला म्हणजे बाईपण गेलं, असं कुणी तोंडाने म्हणत नाही, पण अंथरूण वेगळं होतं. मग ताट वेगळं होतं, पाण्याचा तांब्या वेगळा होतो, नातवाला जवळ घेऊ देत नाहीत. वेगळं भांडं म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायची गरज नाही. कॅन्सर श्वासातून, उष्ट्यातून, कपड्यांतून, एका अंथरुणातून, नवरा-बायकोच्या संबंधांतून लागत नाही. केमो चालू असताना उलट तिलाच आपल्यापासून जपायचं असतं, कारण तिची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. सर्दी-खोकला असलेल्यांनी लांब राहावं. तिचा ताप १००.४ च्या वर गेला तर ते साधं दुखणं समजू नका, रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

पैशाचं म्हणाल तर ऑपरेशन, केमो, रेडिएशन हे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात “आरोग्यमित्र” कुठे बसतात ते आधी विचारा. पैसे भरून मग विचारू नका. फोन १५५३८८. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. कर्करुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वेच्या स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत; रुग्णालयाकडून सवलतीचा फॉर्म भरून घ्यायचा. ज्यांना टाटाला जावंच लागतं त्यांच्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. पण योजना बुडालेली मजुरी देत नाही, जाण्यायेण्याचा आणि सुरुवातीच्या तपासण्यांचा खर्च पुष्कळदा खिशातूनच जातो, आणि तिथेच फायनान्स कंपनीचा हप्ता घरात शिरतो. शेळ्या विकल्या जातात, बाईचे मणी विकले जातात. मोठं कर्ज काढायच्या आधी एकदा आरोग्यमित्र आणि रुग्णालयाचे समाजसेवा अधीक्षक या दोघांना भेटा.

ऑपरेशननंतर

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, कधी वर्षांनंतरही. त्या हाताला शक्यतो इंजेक्शन, बीपीचा पट्टा नको. डॉक्टरांनी सांगितल्यापासून हाताचे व्यायाम रोज, नाहीतर खांदा आखडतो आणि वेणी घालता येत नाही. भाकरी थापायला हळूहळू हरकत नसते, पण त्या हाताने भरली घागर उचलणं, डोक्यावर मोळी घेणं लगेच सुरू करू नये. खुरप्याने कापलं, काटा लागला तर जखम धुवून लक्ष ठेवा. हात लाल, गरम झाला तर त्याच दिवशी दाखवा.

आणि ती लहानशी गोळी. ज्यांचा रिपोर्ट हार्मोन पॉझिटिव्ह असतो त्यांतल्या बऱ्याच जणींना टॅमॉक्सिफेन रोज एक, निदान पाच वर्षं घ्यायची असते. गोळी स्वस्त आहे, सरकारी रुग्णालयातही मिळते. तरी पुष्कळ जणी सहा-आठ महिन्यांत सोडतात. “आता बरं वाटतंय की.” अंगाची लाही होते, घाम फुटतो, म्हणूनही सोडतात. गाठ जशी न दुखता वाढते तसाच उलटलेला कॅन्सरही सुरुवातीला गप्प असतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. पाळी गेलेल्या बाईला गोळी चालू असताना रक्तस्राव झाला तर लगेच सांगायचं. घरातल्या नवऱ्याने किंवा मुलाने कॅलेंडरवर रोज खूण करावी. सिलिंडरची तारीख लिहितोच ना तिथे.

राहिला मुलींचा प्रश्न. आईला झाला म्हणजे मुलीला होणारच, असं अजिबात नाही. १०० पैकी पाच ते दहा जणींतच तो सरळ वारशाने आलेला असतो. पण आईला बेचाळिसाव्या वर्षी झाला असेल तर मुलीच्या तपासण्या दहा वर्षं आधी, बत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास सुरू करायच्या का, हे डॉक्टरांना विचारावं. मावशीला, आजीलाही झाला असेल तर तेही सांगावं. त्या वेळी आईचे जुने रिपोर्ट लागतात, विशेषतः बायोप्सीचा कागद. उपचार संपले की लोक ती फाईल माळ्यावर टाकतात आणि पावसात ती भिजते. जातीचा दाखला जिथे ठेवता, त्याच पेटीत ती ठेवा.